हळदीचं तिसरं कडवं

सांगलीच्या पेठेतली हळकुंडं, सुपात.

सातारचं एक मासिक, १९२८ सालचं. त्यातल्या हळदीच्या कवितेखाली नाव: राहीबाई, कडेगाव. मासिक पुढं बंद पडलं.

पहिल्या महायुद्धात बसऱ्याला मेलेला एक शिपाई. मागं राहिलेली बायको नऊ वर्षांची.

दारात पाण्याचा टँकर. १९७३. दुष्काळातही लग्नं निघतात.

जातं सुरू झालं.

शालन पाटावर बसली होती. तिची आई बाळंतपणात गेली. तिला वाढवलं राहीबाईंनी, तिच्या बापाच्या आत्यानं. सगळं घर त्यांना आत्तीच म्हणायचं. शालनचा गोवर आत्तीनं काढला, वेण्या आत्तीनं घातल्या. आज मात्र आत्ती बाहेर सोप्यात, भिंतीला टेकून. विधवेनं हळदीला हात लावायचा नाही. जात्यापाशी तिचा आवाजसुद्धा नको. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्या आपणहून उठून बाहेर गेल्या होत्या.

आत शालनची चुलती बनाबाई गाणं सांगत होती. सवाष्णी जातं ओढत होत्या.

उठ माझ्या बाळाबाई, दारी मांडव दाटला
हळदीच्या गं हाताला, कुणी खुळखुळा दिला?

खुळखुळा आला तशा बाया हसल्या. दर लग्नात इथंच हसायच्या. वर्षाच्या आत पाळणा हलायला हवा, असं एकीनं शालनला कोपरानं ढोसत बजावलं. हे गाणं कडेगावच्या आसपास सगळ्या मांडवांत म्हणत. जुन्या बायांनी केलेलं, एवढंच ठाऊक होतं. राहीबाईंनीही कधी काही सांगितलं नव्हतं.

दुसरं कडवं झालं. त्यात वाजंत्री वाजवून थकतात, तरी नवरी उठत नाही.

तिसरं बनाबाईला आठवेना.

तिनं दुसरंच पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. गाणं पुरं झाल्याशिवाय हळदीचं जातं थांबवायचं नसतं. थांबलं तर त्या पोरीचा संसार अर्ध्यावर राहतो, असं तिथं मानतात. सुपातली हळकुंडं संपली. नुसता दगडावर दगड फिरू लागला.

तो आवाज सोप्यात येत होता. राहीबाईंनी पदर तोंडात धरला. बोललं तर पोरीच्या हळदीवर रांडावलेल्या बाईचा आवाज. न बोललं तर जातं थांबणार.

जात्याचा वेग कमी झाला.

नका बायांनो उठवू, हळद वाळू द्या गालाला
जागी झाल्यावर बाळी, घर विचारील कुणाला?

आवाज बाहेरून आला होता. चिरकलेला, पण एकही शब्द न अडखळता. जातं एक फेरा पुरा करून थांबलं.

आता कुणी हसलं नाही.

“आत्ती, गप ऱ्हायचं न्हाई व्हय?” बनाबाई म्हणाली. “पोरीच्या हळदीवर तोंड घातलंत.”



शालन उठली. हळद लागण्याआधी नवरीनं पाट सोडायचा नसतो. एक-दोघींनी तिचा पदर धरला. तिनं तो सोडवला, जात्याभोवतीची हळद वाटीत भरली, तीत पाणी घातलं आणि उंबरा ओलांडला. सोप्यात येऊन ती आत्तीसमोर जमिनीवर बसली.

“लावा.”

राहीबाईंनी दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. “न्हाई गं बाई. तुझं काय वंगाळ झालं तर?”

शालननं वाटी त्यांच्या पुढ्यात सरकवली.

“मी जागी हाय, आत्ती.”

राहीबाई तिच्याकडं बघत राहिल्या. उंबऱ्याच्या आत बाया उभ्या होत्या, पण कुणी पुढं आलं नाही. मग पदराखालून एक हात बाहेर आला. बोटं वाटीत बुडली. आधी एक गाल, मग दुसरा.

१९११ साली राहीबाईंना हळद लागली, तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या आणि खुळखुळा हातात धरून झोपल्या होत्या.