पाखडलेली नाचणी

जामसरच्या या घरात रेंज फक्त ओटीवरच्या मधल्या खांबापाशी यायची, म्हणून मोबाइल तिथंच पिशवीत टांगलेला असायचा आणि बोलणं स्पीकरवर व्हायचं. समुपदेशक मॅडम दर बुधवारी ऑनलाइन यायच्या. छातीत धडधडलं की टाचा जमिनीला घट्ट टेकवायच्या आणि श्वास हळूहळू सोडायचा, हे त्यांनीच रुपीला शिकवलं होतं. आज त्यांनी विचारलं, “एकट्याच आहात ना? मग सांगा, भीती कुणाची वाटते?” समोर नाचणी पाखडणाऱ्या सासूचं सूप थांबलं. कारवीच्या कुडाच्या भिंतीपलीकडे नवऱ्याच्या खाटेची करकर थांबली. रुपीने टाचा टेकवल्या. “कुणाचीच नाही, मॅडम.” “नक्की?” श्वास सुटेना. सासूने एकदा तिच्या टाचांकडे पाहिलं, एकदा कुडाकडे. मग ती उठून कुडाला टेकून बसली आणि पाखडून झालेली नाचणी पुन्हा सुपात ओतून जोरजोरात पाखडायला लागली. “बोल आता,” ती म्हणाली.