उताराची चाचणी

प्रयोगशाळेत ट्रॅम नव्हतीच. टेबलावर एक करडा डबा, त्यातून निघालेलं वायरींचं जंजाळ आणि शेजारी कपाटाएवढं यंत्र. ब्रेक केव्हा, किती आवळायचा हे ठरवणारा तो डबा अपघातातल्या ट्रॅममधून काढून आणला होता. म्हाताऱ्याने त्यावरचा पोचा पाहिला आणि नजर वळवली. ट्रॅम त्याचा मुलगा चालवत होता.

“हे यंत्र म्हणजे खोटी ट्रॅम, काका,” इंजिनिअर बाई म्हणाली. “उतार, ओले रूळ, वेग, सगळं हेच डब्याला कळवतं. डब्याला वाटतं, आपण खरंच रस्त्यावर आहोत.”

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याचीही उभी हयात ट्रॅम चालवण्यात गेली होती; मुलाला त्यानेच तयार केलं होतं. पोरगा गेला आणि वर बोल लागला, ब्रेक उशिरा लावला म्हणून. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण कानावर यायचंच. म्हणून तर अहवाल देण्याआधी बाईने त्याला बोलावून घेतलं होतं.

“ब्रेक तुम्हीच लावा.” बाईने यंत्राला जोडलेला ब्रेकचा दांडा त्याच्यापुढे केला.

यंत्राच्या पडद्यावर ट्रॅमचा ठिपका उतरणीला लागला. म्हाताऱ्याने उताराच्या तोंडाशीच दांडा ओढला. ठिपका जरासा मंदावला, मग सुटला तो अपघात झालेल्या चौकाची लाल रेघ ओलांडूनच गेला.

“परत सुरू कर,” म्हातारा म्हणाला.

या खेपेला त्याने दोन्ही हातांनी दांडा आवळून धरला. ठिपका थांबला नाही.

“चाकं घसरली की डबा ब्रेक सोडतो आणि पुन्हा लावतच नाही,” बाई हळूच म्हणाली. “तुमच्या मुलाने वेळेवर लावला होता, काका. धरूनही ठेवला होता.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

बाईने डब्यात दुरुस्त केलेला प्रोग्राम भरला. तोच उतार, तेच ओले रूळ. म्हाताऱ्याने दांडा ओढला. ठिपका अडखळला, पुन्हा घसरला, आणि चौकाच्या बराच अलीकडे उभा राहिला.

“थांबली,” बाई म्हणाली.

म्हाताऱ्याने दांडा सोडला नाही. पडद्याकडे पाहतच त्याने विचारलं, “दार कुठून उघडतं, पोरी? उतरू दे त्याला.”