बाईसाहेब बाहेर बसल्यात

नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना लेकीने आपला पाळलेला कोळी आईकडे सोपवला. पंजाएवढा, केसाळ टॅरँट्युला. मादी होती, म्हणून नाव ‘बाईसाहेब’. काचेच्या पेटीत वीतभर माती आणि त्या मातीत तिचं खोल बीळ.

सुरुवातीला फोनवर आईची एकच तक्रार असायची. “मी नुसती माती पाळतेय गं! तुझ्या बाईसाहेब तुझ्यासारख्याच. तोंड म्हणून दाखवत नाहीत.”

“अगं, तू चाललीस की जमीन हादरते. तेवढ्यानंही ती आत पळते. घरात कुणी हललं नाही, तरच बाहेर येते.”

“म्हणजे माझ्याच घरात मी चोरपावलांनी फिरू? मला कामं असतात बाई!”

दोघी हसायच्या.

यंदा लेकीला घरी जायला काही जमलं नाही.

“तब्येत कशी आहे, आई?”

“ठणठणीत.”

“जेवलीस?”

“केव्हाच.”

“आणि बाईसाहेब?”

आईचा आवाज एकदम खुलला. “अगं, हल्ली दिवसभर बाहेरच असतात! पलंगावरून दिसतात मला. आत जायचं नावच नाही. झाली बघ शेवटी माझी सवय.”

कोळ्याला माणसाची सवय होत नसते, हे लेकीला ठाऊक होतं.

“आई, जरा उठून पेटीपर्यंत जातेस?”

पलीकडून पावलांचा आवाज आलाच नाही.

“राहू दे गं,” आई म्हणाली. “बसल्यात तर बसू दे त्यांना बाहेर.”