वहिनीची पसंती

धुळ्याच्या दुकानात कामिनीने पोपटी जॅकेटखाली जांभळी पँट जुळवली, तेव्हा दुकानदारालाच कसंतरी झालं. "ताई, जरा चांगले जोड दाखवू का?"

"नको. नणंदेची पोरं आहेत."

बारा वर्षांच्या पोराला ते, आठच्या पोरीला गुलाबीवर हळदी आणि पाचच्या धाकट्याला केशरीवर हिरवं, असे तीन ट्रॅकसूट तिने भाऊबीजेला नवऱ्याच्या हाती पारोळ्याला धाडले. गेल्या साली नणंदेने, रूपाने, तिच्या साडीला चारचौघांत पोतेरं म्हटलं होतं. आता रूपाच्या पोरांना बघून सगळी गल्ली हसेल, म्हणून कामिनी आठवडाभर खुशीत होती.

आठव्या दिवशी भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रूपाचा व्हिडिओ आला. मक्याच्या वावरात उंचीप्रमाणे तीन बुजगावणी उभी होती, तिघंही नव्याकोऱ्या ट्रॅकसूटमध्ये.

"वैनी, तुमनी पसंद लई भारी शे!" मागून रूपाचा आवाज आला. "आठ दिन व्हयनात, वावरमा एक डुक्कर फिरकनं नई. आखो दोन जोड धाडा, पन तुमना हातनाच निवडा!"

व्हिडिओखाली पहिला अंगठा उमटला, तो कामिनीच्या नवऱ्याचा.