फिक्का चहा

सिंदेवाहीचे पाहुणे बघायला येणार म्हणून आईने संघप्रियाच्या गोळ्यांचं पाकीट बुद्धमूर्तीमागे लपवलं. पाहुणे आल्याआल्या वंदनेला तिथेच बसणार, एवढंसुद्धा तिच्या डोक्यात आलं नाही! सगळ्यांनी पंचशील म्हटलं, फूल वाहताना मुलाच्या आईचा हात लागला आणि पाकीट पडलं. “हे तं माह्यावालीच शुगरची गोळी! पोरीले शुगर हाये काय जी?” “नाई, माही हाये,” पाकीट उचलून मुठीत घेत आई चटकन बोलली. खोटं न बोलण्याचं शील घेऊन दोन मिनिटं झाली नव्हती! “मंग फिक्का चहा घ्या माह्यासोबत.” चहा आला. तीन चमचे साखर लागणाऱ्या आईने कप उचलला. संघप्रियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आईच्या मुठीतून पाकीट ओढलं. “गोळी माही हाये. शुगर नाई मले, पाळी वेळेवर येत नाई म्हून डॉक्टरनं हेच गोळी देल्ली.” आणि आईच्याच कपातल्या फिक्क्या चहासोबत सगळ्यांदेखत गोळी गिळली.