रत्नाबाईंचे भांडार

५ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी चंद्रभान बारापात्रे यांनी प्लास्टिक पाईपचा बेचाळिसावा तुकडा कापला, कानशीने त्याची कड घासली आणि मांडणीतल्या शेवटच्या रिकाम्या जागेत बसवला. तुकडा जराही हलला नाही. त्यांनी समाधानाने चष्मा पुसला आणि पत्नीला हाक मारली.

मोहाडीतील त्यांच्या घराची ही मागची खोली दहा फूट लांब, आठ फूट रुंद. रत्नाबाई आणि त्यांच्या बचत गटातल्या तिघी तिथे गोधड्या शिवत. विणकरांच्या घरून आणलेले लुगड्यांचे काठ, जुनी धोतरे, परकरांचे तुकडे यांचा ढीग जमिनीवर कायम पडलेला असे. कात्री कधी ढिगाखाली सापडे, कधी चुलीपाशी.

गेल्या वर्षी नागपूरच्या एका प्रदर्शनासाठी गटाने बारा गोधड्या कबूल केल्या होत्या. दसऱ्यापर्यंत आठच झाल्या. यंदा पुन्हा बाराच मागितल्या गेल्या, आणि या वेळी कमी पडल्यास पुढे विचारणार नाही, असेही बजावले गेले.

चंद्रभानजींनी तंत्रनिकेतनात पदविका घेतली होती आणि उभी हयात एका कारखान्याचे भांडार सांभाळले होते. काम शिवण्यामुळे नव्हे, शोधण्यामुळे रेंगाळते, हे निदान त्यांनी तेव्हाच करून ठेवले. निवृत्त झाल्यापासून घरातले एकही काम त्यांच्यावाचून अडले नव्हते, ही खंत त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. हे काम अडले होते. ते आपल्या हातून सुटावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

जुन्या खोक्यांच्या फळ्यांना रंधा मारून त्यांनी तिन्ही भिंतींना मांडण्या केल्या. तेलाचे डबे कापून रंगवले आणि चिंध्या रंगांप्रमाणे त्यांत भरल्या. पाईपच्या तुकड्यांत दोऱ्याची रिळे गेली. दाराजवळच्या फळीवर प्रत्येक कात्रीची बाह्याकृती काढली, म्हणजे कात्री जागेवर नसली की रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरावी. मधोमध भांडाराच्या रीतीप्रमाणे तीन फुटांची वाट सोडली आणि वाटेच्या टोकाला एक स्टूल ठेवले.

रत्नाबाई उंबऱ्यावर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"लय सुंदर केलं जी," त्या म्हणाल्या. "हात लावाले भेव वाटते."

"भ्यायचं काय त्यात? घ्यायचं, वापरायचं, जागेवर ठेवायचं."

शेजारच्या, गटातल्याच देवकाबाई मुद्दाम पाहायला आल्या. कात्र्यांच्या आकृत्या निरखून म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या मालकाचीबी एक आकृती काढून द्या. मानूस जागेवर भेटतच नाही."

देवकाबाईंचे यजमान ईश्वर तेव्हाही पानठेल्यावर होते. चंद्रभानजी मनापासून हसले.

पुतण्या अश्विन याचे वरठीला मोटारदुरुस्तीचे दुकान होते. चंद्रभानजी तिथे रोज सकाळी हिशोबाला नव्हे, हौसेने जात आणि दिवेलागणीला परतत. आल्यावर चपला काढल्या की आधी मागची खोली. कात्र्या आपापल्या आकृतीत. डबे काठोकाठ, झाकणे सरळ. जमिनीवर दोऱ्याचा धागा नाही. कारखान्यातल्या कोणत्याही खात्याने इतकी शिस्त कधी पाळली नव्हती, आणि हे त्यांनी अश्विनला इतक्यांदा ऐकवले की तो काकांच्या आधी वाक्य पूर्ण करू लागला.

गोधड्याही होत होत्या. तयार झालेली प्रत्येक गोधडी वरच्या फळीवर येऊन बसे. पोळा येईपर्यंत पाच झाल्या. घटस्थापनेला अकरा.

"काही कमी-जास्त असेल तर सांग," एकदा जेवताना ते म्हणाले. "फळी हलवता येते."

"कायले हलवता?" रत्नाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. "काम होऊन राहिलं ना जी बराबर."

त्या रात्री चंद्रभानजींना फार शांत झोप लागली.

दसऱ्याला चार दिवस उरले असताना वरठीची वीज दुपारीच गेली. दुकान बंद करून ते मोहाडीला परतले. वाटेत त्यांच्या मनात आले की देवकाबाईंनाही अशीच एक मांडणी करून द्यावी. दसऱ्याची भेट होईल आणि पुढच्या वर्षी गटाला वीस गोधड्यासुद्धा झेपतील. मोजपट्टी खिशात होतीच. घरी रत्नाबाई खोलीत कामात असतील, त्यांना उठवायला नको, म्हणून ते परस्पर देवकाबाईंच्या दाराशी गेले. आतून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. दार नुसते लोटलेले होते.

देवकाबाईंच्या लांबरुंद ओसरीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक गोधडी अंथरलेली होती. तिच्या चार बाजूंना चार बायका मांडी घालून शिवत होत्या आणि मधोमध चिंध्यांचा हा एवढा ढीग होता. रत्नाबाईंनी न पाहताच ढिगातून एक लाल काठ ओढला, गुडघ्याखालची कात्री काढली, काठ कापला आणि कात्री पुन्हा गुडघ्याखाली सारली. "एकदा सांगून टाक ना वो भाऊजीले, त्या वाटेत गोधडी पसरत नाही म्हनून," देवकाबाई म्हणाल्या. रत्नाबाईंनी दोरा दाताने तोडला. "काहून सांगू? रोज संध्याकाळी ते खोली पाहून किती खुश होतेत. मी बी मग झाडून-पुसून देवघरावानी ठेवतो तिले." चंद्रभानजींनी दार पूर्वीसारखे लोटले. बारावी गोधडी संपत आली होती. त्यांनी सजवलेल्या खोलीत शिवल्या गेलेल्या गोधड्या होत्या शून्य.