तिसरा दिवा

शोभेच्या माशांच्या दुकानात अगदी मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात खाऱ्या पाण्याची एक टाकी होती आणि तिच्यावर तीन दिवे ओळीने टांगले होते. शिंपी बायकोचा दंड धरून तिथवर आला. फरशी ओली होती, आणि दुकानातल्या कोणालाच त्याचं सोयरसुतक नव्हतं.

"मास्तर, शेवटी वहिनींना घेऊन आलात तर," दुकानदार म्हणाला.

"पसंती तिचीच. आमच्याकडे मी कापड कापतो, रंग ही जुळवते."

जुळवत होती, असं म्हणायला हवं होतं. गिऱ्हाइकाने कसलंही कापड पुढे टाकलं, तरी दीडशे रिळांतून त्याला मिळतं रीळ ती बोलता बोलता काढून द्यायची. मग तिची नजर कडेकडेने मिटत गेली. आता किल्लीच्या भोकातून दिसावं एवढंच दिसतं, असं ती सांगायची. तेही जाणार, जे बघायचं ते बघून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. कधीतरी टीव्हीवर समुद्रातलं प्रवाळ पाहून ती म्हणाली होती, "असल्या रंगाची रिळं कुठे मिळतात हो?" शिंप्याने तेवढंच मनात धरलं. या वयात काचेची टाकी आणली, मीठ कालवलं, दोनदा सगळं पाणी नासवलं, सगळ्या आळीत वेड्यात निघाला. आता पाणी एकदाचं जमलं होतं. दिवा तेवढा राहिला होता.

"परवडेल असा दाखवा," तो म्हणाला, "पण लख्ख. हिला नीट दिसलं पाहिजे."

"लख्ख उजेड माणसांना लागतो, मास्तर. नव्या टाकीत एवढा उजेड पाडलात तर प्रवाळ पांढरंफटक पडेल आणि मरेल. आधी मंद लावायचा, मग आठवड्या-आठवड्याने वाढवत न्यायचा."

"आठवड्या-आठवड्याने," शिंपी पुटपुटला. "म्हणजे चांगलं फुललेलं कधी दिसणार?"

"दिसेल हो. ही काय पँटची उंची कमी करायची आहे, संध्याकाळी या आणि घेऊन जा म्हणायला?"

बायको खळखळून हसली. शिंप्यालाही हसावं लागलं.

दुकानदाराने टाकीतल्या एका दगडाकडे बोट दाखवलं. त्यावर शर्टाच्या बटणांएवढी गोल गोल प्रवाळं दाटीने चिकटली होती. "सुरुवात या बटणांनी करा. चिवट जात आहे, साध्या दिव्यावरही जगते."

"घ्या," बायको म्हणाली. "जन्मभर बटणंच लावली, आता पाण्यातही तीच नशिबात."

दुकानदाराने पहिला दिवा लावला. "हा सगळ्यात स्वस्त. पांढरा जास्त मारतो."

"फार भगभगीत आहे," ती लगेच म्हणाली.

त्याने तो बंद करून दुसरा लावला. "हा किमतीला थोडा वर जातो. यात निळाच निळा."

"बरा आहे. जरा गडद वाटतो, एवढंच."

शिंप्याला किती बरं वाटलं! तिला फरक कळत होता. अजून वेळ हातात होता. आठवड्या-आठवड्याने तर आठवड्या-आठवड्याने, तो मनात म्हणाला, जमेल आपल्याला.

"आता हा बघा. निळा आणि पांढरा दोन्ही, हवा तसा कमीजास्त करता येतो. माझं ऐकाल तर नवशिक्याने हाच घ्यावा." दुकानदाराने दुसरा दिवा घालवला आणि तिसऱ्याचं बटण दाबलं. टक् असा आवाज झाला. दिवा लागला नाही. पिन सैल झाली होती. टाकी काळोखात तशीच उभी राहिली.

"अहो, हाच!" बायको टाकीकडे तोंड करून म्हणाली. "कसा मोरपिशी पसरलाय बघा. आणि ती बटणं, एकेक कशी उठून दिसतायत!"

दुकानदार गोंधळला. "वहिनी, हा अजून..."

शिंप्याने त्याचा हात घट्ट दाबला. दुकानदाराने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पुढचं वाक्य गिळलं.

ती आवाजावर बोलत होती. टक् झालं की बोलायचं, आणि काय बोलायचं ते दुकानदाराच्या तोंडून आधीच ऐकलेलं असायचं. काल संध्याकाळी घरच्या टाकीतल्या दगडांवरची जांभळी झाक तिने किती कौतुकाने सांगितली होती! ती झाक सकाळी त्यानेच तिला सांगितली होती. किल्लीचं भोक कधीच बुजलं होतं. कधी, ते त्याला माहीत नव्हतं. तो पाणी कालवत होता त्या दिवसांत कधीतरी. त्याचा हिरमोड होऊ नये म्हणून ती रोज टाकीसमोर बसून त्याला रंग सांगत होती.

"हो," तो म्हणाला. "मोरपिशीच आहे. हाच द्या."

दुकानदाराने खाली वाकून पिन हळूच आत सरकवली. दिवा लागला. सगळी बटणं पाण्यात हिरवी, केशरी, राणी रंगाची चमकायला लागली. निळा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला, उघड्या डोळ्यांवर पडला. तिची पापणीसुद्धा हलली नाही.

दुकानदार खोकं आणायला आत गेला. पावलं लांब गेल्यावर ती शिंप्याच्या कानाशी आली.

"अहो, महाग असेल तर राहू दे हं," ती हळूच म्हणाली. "मला त्या दुसऱ्यातही छान दिसत होतं."